आठ वाजून सतरा मिनिटांचा पक्षी

दातांच्या डॉक्टरांनी ऑपरेटरांना फसवलं. त्यांच्याबरोबर मलाही फसवलं, पण मला निदान ते कळलं. ऑपरेटरांना शेवटपर्यंत तसं वाटलंच नाही, म्हणून त्यांची फसवणूक मोठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी गोड आठवणी सांगायला बसलोय असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

ऑपरेटर हे त्यांचं नाव नव्हे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते, आणि मी पहिल्या दिवसापासून त्यांना तीच हाक मारली. ते मला शेठ म्हणायचे. मी शेठबिठ कुणी नव्हे. कळवण तालुक्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन सातपूरला आलो, सहा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, मग स्वतःचा शेड घेतला आणि जुनी मशीनं घ्यायला-विकायला लागलो. "शेठ म्हणू नका," असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. "बरं शेठ," म्हणायचे.

पक्षी दिसला की बाकीची माणसं दुर्बीण उचलतात. ऑपरेटर आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे. "वेळ घ्या," म्हणायचे. मी ओरडायचो, "अहो, उडून जाईल तो!" तर शांतपणे खिशातून पेन काढायचे. "उडू द्या. वेळ टिपायची राहून गेली तर काय लिहायचं?" मग वहीत तास आणि मिनिटं मांडायचे आणि त्यानंतर मान वर करून पक्ष्याकडे बघायचे. कित्येकदा तोवर तो उडालेलाच असायचा.

आमची ओळख झाली ती एका पितळी बुशमुळे. नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. मोठ्या दुर्बिणीचा तीन पायांचा स्टँड घेऊन हे गृहस्थ माझ्या शेडमध्ये आले. सांधा झिजला होता, त्यात बुश बसवून हवा होता. मी भाव सांगितला. ते म्हणाले, "ठीक आहे." मी चमकलो. भाव सांगितल्यावर 'ठीक आहे' म्हणणारा माणूस माझ्या धंद्यात दोनच प्रकारचा असतो, एक तर अडाणी नाहीतर काहीतरी लपवणारा. हे अडाणी दिसत नव्हते. बुश हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "केसभर ढिला आहे." होता खरंच. मला राग आला, पण पुन्हा नवा करून दिला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "शेठ, तुम्ही मशीनं बघायला बोईसरला जाता म्हणे. मला समुद्रापर्यंत न्याल का?"

"समुद्रावर कोण आहे तुमचं?"

"पक्षी आहेत."

आता तुम्हीच सांगा. तुम्हीही माणसं पाहिलेली आहेत. नाशिकच्या माणसाला पक्षी बघायचे तर नांदूरमध्यमेश्वर आहे, सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. त्यासाठी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा सगळा घाट उतरून कोण जातं? मी हो म्हटलं, पण आधी चौकशी केली. एकलहऱ्याला एका पार्टीकडे गेलो होतो, तिथल्या चहावाल्याला विचारलं. तो हसला. "ते व्हय? मानूस लय चांगला. फक्त सुट्टीच्या दिवशी टॉवरवरची घुबडं मोजतो." तरी माझं समाधान झालं नाही. वाटेत जव्हारला ते पाणी प्यायला उतरले तेव्हा मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. भाकरी, लसणाची चटणी, जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेनं. एवढंच. आणि एवढंच असल्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

मला वाटलं, किनाऱ्यावर बाई असेल. किंवा जमिनीचा व्यवहार असेल. मी मशीन बघायला जातो असं सांगून त्यांना कोळ्यांच्या एका गावाबाहेर सोडलं, पिकअप शाळेमागे लावली आणि लपून पाहत राहिलो. तो माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा होता. एक तास. दोन तास. कुणी आलं नाही. मासळी वाळत घालणारी एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तो सरकारी मानूस हाय ना? आमची जमीन मोजतोय?"

"नाही, पक्षी बघतोय."

"आनि तू?"

मी पिकअपमध्ये जाऊन बसलो.

त्या वर्षांत किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन उभं राहणं पोलिसांना चालत नसे, आणि त्यात अणुवीज केंद्र जवळ. तिसऱ्या खेपेला हवालदार सायकलवरून आलाच. "काय बघताय? कुठल्या बोटीची वाट बघताय?" ऑपरेटरांनी ओळखपत्र दाखवलं, तर प्रकरण बिघडलं. "वीज केंद्र? तिकडचं वीज केंद्र सोडून इकडचं बघायला आलात?" मी मध्ये पडून तावातावाने बोलायला लागलो, त्यामुळे आणखी बिघडलं. ऑपरेटर मात्र हवालदाराला म्हणाले, "साहेब, या नळीला डोळा लावा." त्याने लावला. बराच वेळ लावून राहिला. "आयला! चोच केवढी वाकडी आहे याची!" ऑपरेटरांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ टिपली आणि वही पुढे केली. "इथे सही करा. साक्षीदार म्हणून." हवालदाराने सही केली आणि खाली बक्कल नंबरही टाकला.

साक्षीदाराच्या सहीचं हे वेड कुठून आलं ते मला घाटात परत येताना कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, मोठ्या वादळी पावसानंतर, वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यावर त्यांना एक दमलेला पक्षी बसलेला दिसला होता. समुद्रावरचा पक्षी, इतक्या आत. त्यांनी शहरातल्या पक्षीमित्रांच्या मंडळाला कळवलं. मंडळाने विचारलं, सोबत कोण होतं? कुणीच नव्हतं. "राखेत लोळलेला कावळा असेल," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तेव्हापासून हा माणूस समुद्राच्या पक्ष्यांच्या मागे लागला, आणि एकट्याने काही बघायचं नाही असं त्याने ठरवलं.

"म्हणजे मी तुमचा साक्षीदार?" मी विचारलं. "म्हणून मला धरलंत?"

"हो," ते म्हणाले. "तुमचा कुणावर विश्वास नाही. साक्षीदार असाच पाहिजे."

मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

पुढची सात-आठ वर्षं हिवाळ्यात आमच्या फेऱ्या होत राहिल्या. पक्षी ओहोटीच्या चिखलावर उतरतात आणि ओहोटीची वेळ तिथीवर ठरते, म्हणून हळूहळू माझे सौदेही तिथीवर ठरायला लागले. बोईसरच्या पार्टीला मी फोनवर सांगायचो, "द्वितीयेला येतो, मुक्काम करतो." पार्टीला वाटायचं, शेठ मुहूर्त पाळतात. आमची मंडळी म्हणायची, "अहो, तुम्ही मशीनं आणायला जाता की चिमण्या?" मी म्हणायचो, "चिमण्या नाहीत त्या." "मग काय?" ते मात्र मला सांगता यायचं नाही. पाय लांब का आखूड, चोच सरळ का वाकडी, एवढंच मला कळायचं. ऑपरेटर नावं सांगायचे आणि मी विसरायचो.

पण बघायला मी शिकलो. खरं तर मला ते येतच होतं. रंग मारून नवं केलेलं मशीन मी वीस फुटांवरून ओळखतो. उभं राहण्याची ढब, कुठे झीज आहे, कुठे जोड आहे, हेच बघायचं असतं. पक्ष्याचंही तेच.

तो दिवस तृतीयेचा. आदल्या दिवशी एक मिलिंग मशीन बघून आम्ही बोईसरला राहिलो होतो. सकाळी चिखलावर गेलो. पाणी आत गेलेलं, खडक उघडे पडलेले. ऑपरेटर उजवीकडचा थवा मोजत होते. मी डावीकडे बघत होतो, कारण मला मोजायचा कंटाळा येतो. खडकांच्या कडेला एक पांढरा पक्षी होता, पाठीवर काळा पट्टा. आधी वाटलं शेकाट्या, नांदूरला दिसतो तो. पण शेकाट्याची चोच सुईसारखी असते. याची चोच जाड, काळी, छिन्नीसारखी. तो पळाला, थांबला, खाली टोचा मारला आणि खेकडा उचलून आपटायला लागला.

"ऑपरेटर, हा माल वेगळा आहे," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ बघितलं. आठ वाजून सतरा मिनिटं. मग दुर्बीण वळवली. डोळा लावला आणि त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी म्हणालो, "काय आहे ते?" तर वही माझ्या हातात दिली. "आधी तुम्ही लिहा. मी नाव सांगितलं तर तुम्ही माझ्या नावाचा पक्षी लिहाल. तुम्हाला दिसला तो लिहा."

माझं अक्षर वाईट आहे. तरी मी पानभर लिहिलं, चिखलात उकिडवं बसून, पेन बोटांतून निसटत होतं. त्यांनी दुसऱ्या पानावर स्वतःचं लिहिलं, चोचीचं चित्र काढलं. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडून पाहिली, जसे मी दोन मायक्रोमीटर ताडून बघतो. आणि मग माणूस हसला. इतक्या वर्षांत मी त्यांचे वरचे दात पहिल्यांदा पाहिले.

"हा खेकडे खाणारा, शेठ. आपल्या किनाऱ्यावर फार क्वचित येतो. मी फक्त पुस्तकात पाहिलाय." आणि त्यांनी वरच्या रकान्यात लिहिलं, 'प्रथम दिसला', आणि पुढे माझं नाव घातलं. मी म्हणालो, "अहो, ओळखला तुम्ही." ते म्हणाले, "ओळखला मी. दिसला तुम्हाला. दोन वेगळ्या नोंदी आहेत." मी सही केली, त्यांनी सही केली. तो पक्षी नऊ वाजेपर्यंत खेकडे खात होता. परत येताना जव्हारच्या घाटात ऑपरेटर एक भजन गुणगुणत होते, अगदीच बेसूर.

इथपर्यंत सगळं चांगलं. आता डॉक्टर.

डॉक्टरांचा कॉलेज रोडला दवाखाना. पक्षीमित्रांच्या मंडळाचे ते मोठे माणूस. ऑपरेटरांनी बातमी कळवल्यावर ते स्वतः एकलहऱ्याच्या क्वार्टरवर गेले, चहा प्यायले. म्हणाले, इंग्रजीतून व्यवस्थित लिहून पाठवायला हवं, वही लागेल. ऑपरेटरांनी वही दिली. एवढंच नव्हे, शेवटच्या पानावर तारीख घालून लिहिलं, 'चार्ज दिला', खाली सही. डॉक्टरांकडून 'चार्ज घेतला' अशी सही घेतली.

मला कळल्यावर मी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय केलंत? सगळंच देऊन टाकलंत की लिहून!"

"शेठ, पाळी संपली की लॉगबुक घरी नेत नाहीत. पुढच्या पाळीवाल्याला सही करून द्यायचं. तीस वर्षं तेच करतोय."

"तुमच्या कंट्रोल रूममधला माणूस तुमचं नाव खोडतो का?"

"नाही खोडत. म्हणून तर देतो."

त्यांना काय सांगणार? कंट्रोल रूमचा कायदा त्यांना सगळ्या जगाचा कायदा वाटत होता.

काही महिन्यांनी मंडळाचा वार्षिक अंक निघाला. माझ्या शेडशेजारच्या प्रेसमध्ये छापला जात होता, म्हणून मला आधी मिळाला. पहिल्याच पानावर डॉक्टरांचा टोपी घातलेला फोटो. खाली लेख: डॉक्टर आणि त्यांच्या पथकाला किनाऱ्यावर दुर्मीळ पक्ष्याचं दर्शन. गाव तेच, तारीख तीच. वेळ? सकाळी आठ वाजून सतरा मिनिटं. शेवटी आभार: प्रवासाची सोय एका वाहनचालकाने केली.

डॉक्टरांच्या बाकीच्या लेखांत पक्षी 'सकाळच्या सुमारास' दिसतात, 'उन्हं उतरताना' दिसतात. या एकाच पक्ष्याला सतरा मिनिटं होती. जुन्या मशीनवर नवा रंग मारणारे लोक आतला नंबर घासायला विसरतात, तसं झालं होतं.

मी अंक घेऊन एकलहऱ्याला गेलो. ऑपरेटरांनी चष्मा लावून लेख दोनदा वाचला. मग म्हणाले, "वेळ बरोबर छापलीये."

"तुमचं नाव कुठाय?"

"पथक लिहिलंय की."

मी तिथून थेट दवाखान्यात. बाहेर गाल धरून बसलेल्या एक बाई गाल सोडून ऐकायला लागल्या. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले, गोड हसले. "अहो, पक्षी काय कुणाच्या सातबाऱ्यावर चढतो का?"

"पक्षी नको मला. वही द्या."

"वही मंडळाच्या दप्तरी जमा आहे. आणि त्यांनी स्वतः लिहून दिलीये. चार्ज दिला म्हणून. तुम्ही कोण पण?"

"मी वाहनचालक," मी म्हणालो. पुढे जे बोललो ते इथे छापता येणार नाही. कंपाउंडरने मला हाताला धरून खाली आणलं.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्याची सांगताना स्वतःची झाकली तर मीही डॉक्टरच. त्या रागात मला ऑपरेटरांचाच संशय आला. माणूस इतका शांत कसा? काहीतरी ठरलं असणार. मंडळात जागा, भाषण, काहीतरी. मी त्यांना तोंडावर विचारलं, "तुमचं आणि डॉक्टरांचं काय ठरलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शेठ, तुम्ही माझी पिशवी तपासली होती जव्हारला. मी टपरीच्या आरशात पाहिलं होतं. तेव्हा वाईट वाटलं नाही, तेव्हा आपली ओळख नव्हती." एवढं बोलून उठले आणि आतल्या खोलीत गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "तृतीयेला सकाळची ओहोटी आहे," म्हणाले. मी लेथवरून मान वर न करता सांगितलं, "सध्या बोईसरला मशीन नाही." मशीन होतं. मी गुरुवारी जाऊन घेऊनही आलो, एकटाच. ते नंतर एसटीने जात राहिले, असं ऐकलं. निवृत्त झाल्यावरही जात होते. सोबत साक्षीदार कोण घेत असतील, हा विचार मनात यायचा आणि मी तो ढकलायचो.

मग एका पावसाळ्यात पेपरात त्यांचा छोटा फोटो आला. हृदयविकाराचं निमित्त झालं होतं.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. कपाटात पुठ्ठ्याच्या वह्या ओळीने लावलेल्या. वहिनी वह्यांकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. यांच्या अकरा वह्या आहेत. बारावी सापडत नाही. तुमच्याबरोबर जायचे तेव्हाची. यांना विचारलं की म्हणायचे, दिलीये, येईल परत. तुमच्याकडे तर राहिली नाही ना?"

त्या माउलीचा संशय माझ्यावर. आणि तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. ज्या माणसाने वही नेली त्याचं नाव ऑपरेटरांनी घरातही घेतलं नव्हतं, आणि दार लावून घेणारा मीच होतो. मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडे नाही. पण आणून देतो." हे म्हटल्याला काही वर्षं झाली. तीन वेळा मंडळात गेलो. एकदा दप्तर हलवलंय म्हणाले, एकदा वाळवी लागली म्हणाले, एकदा अशी वही नव्हतीच म्हणाले.

परवा कळलं, मंडळ डॉक्टरांचा सत्कार करणार आहे. त्यांच्या भाषणाचा विषय तोच पक्षी.

म्हणून हे लिहून जाहीर करतोय. त्या सकाळची एक गोष्ट मी वर मुद्दाम सांगितलेली नाही. सगळा माल एकदम मांडायचा नसतो. त्या पक्ष्याच्या एका पायाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. ऑपरेटरांच्या पानावर ते नाही, कारण लिहिताना त्यांच्या जागेवरून तो पाय दिसत नव्हता, आणि लिहून झालेल्या नोंदीत ते मागाहून भर घालत नसत. ते फक्त माझ्या पानावर आहे, माझ्या वाईट अक्षरात. डॉक्टरांनी ते पान वाचलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो, नाहीतर लेखात आलंच असतं.

डॉक्टर, सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, शेजारी वहिनी असतील. पक्षी तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला आठवत असेलच. नसेल आठवत तर वही उघडावी लागेल, सगळ्यांसमोर, आणि ज्या पानावर उत्तर आहे त्याच पानाशेजारी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. मला दुसरं काही नको. एवढंच सांगा: पाय कोणता, आणि त्याला काय गुंडाळलेलं होतं?